प्लॉट टाकून ठेवलेल्या माझ्या मित्रांनो

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल तर सरळ पुढे जा, राग नाही.

जुळे सोलापुरात मी घ्यायला निघालोय त्या प्लॉटच्या मालकांचा, म्हणजे काकांचा, सकाळी फोन आला. तीस बाय चाळीस, म्हणजे बाराशे फूट. पूर्वेला तोंड, फायनल एनए (बिगरशेतीची पक्की मंजुरी), समोर डांबरी रस्ता, दारात नळाची लाइन, ड्रेनेजपण आलेलं. दसऱ्याच्या आधी आमचं २,६०० रुपये फुटावर बोलणं झालं होतं. इसाराची तारीख तेवढी ठरायची होती. आज काका म्हणतात, "तीन हजाराच्या खाली परवडत नाही बघा. आता विमान सुरू झालंय ना सोलापूरला."

अहो काका, विमान होटगी रोडला उतरतं, तुमच्या प्लॉटवर नाही!

२०२३ ला विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हापासून हे ऐकतोय. आधी "चिमणी पडली की भाव बघा", मग "विमान उडालं की भाव बघा". गोव्याला जाणाऱ्या विमानात बसायची ऐपत नाही आमची, पण त्याचं तिकीट मात्र आमच्याच खिशातून निघणार.

हिशोब सांगतो, म्हणजे माझी चिडचिड उगाच वाटणार नाही. २,६०० ने प्लॉट ३१ लाख २० हजाराला पडत होता. तीन हजाराने ३६ लाख. एका फोनमध्ये चार लाख ऐंशी हजार. वर मुद्रांक सहा टक्के, नोंदणीचे तीस हजार. हे पैसे बँक कर्जात धरत नाही, ते घरातूनच काढायचे. मग बांधकाम. आमच्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर साधंच घर, हजार फूट, १,९०० च्या भावाने म्हणतोय, त्याचे एकोणीस लाख. त्यात त्या भागात काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे कठीण मुरूम लागेपर्यंत खड्डे खाली न्यायचे, आणि तो किती फुटांवर लागेल ते जेसीबी आल्याशिवाय कुणी सांगत नाही. बोअर, हौद, मीटर, कंपाउंड हे तर एकोणीसात धरलेलंच नाही. मी आणि बायको दोघं कमावतो, ओढूनताणून आमची उडी पन्नास-बावन्न लाखांची. ती सकाळी सव्वानऊला संपली.

आणि भावावर गोष्ट थांबत असती तरी ठीक. काकांना निम्मे पैसे रोख पाहिजेत. "खरेदीखत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी भावाने करू, तुमचापण मुद्रांक वाचतोय." किती काळजी आमची! बँक कागदावरच्या आकड्यावर कर्ज देते. उरलेलं रोख मी कुठून आणू? जमिनीच्या व्यवहारात वीस हजारांच्या वर रोख घ्यायला इन्कम टॅक्सवाल्यांची बंदी आहे, हे त्यांना माहीत नसेल? आयुष्यभर सरकारी नोकरी केलीय त्यांनी. पगारदाराचं घर या काळ्या-पांढऱ्यातच अडकतं. ज्याच्याकडे काळा आहे तो प्लॉट घेतो, आणि त्याला घर बांधायचंच नसतं. ज्याला बांधायचंय त्याच्याकडे फक्त पांढरा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. काकांचा पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे. सोलापूरला परत येणार नाही हे त्यांनीच मला सांगितलंय. मुलं पण येणार नाहीत. दिवाळीला येतात, प्लॉटसमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढतात, कंपाउंडच्या आत कुणी राडारोडा टाकला म्हणून शेजाऱ्यांशी भांडतात, जातात. त्या गल्लीत सहज चालून बघा. जेवढी घरं तेवढ्याच वेड्या बाभळी. महापालिकेने हद्दवाढ १९९२ ला केली, तेव्हा जन्मलेली पोरं आता स्वतःच्या पोरांना शाळेत सोडायला जातात, आणि हे प्लॉट अजून गाजर गवतातच. यांच्या पुढ्यात खांबावर दिवे लागतात. कुणासाठी? कुत्र्यांसाठी. आणि ज्यांना खरंच राहायचंय ते पार लांब जाऊन टँकरची वाट बघत बसलेत.

(हो, इथेसुद्धा नळाला पाणी चार-पाच दिवसाआडच येतं. पण येतं.)

आणि हे सगळे काका काही परके नाहीत. माझ्या मित्रयादीतच किमान डझनभर असतील. "दोन घेऊन ठेवलेत, पोरीच्या लग्नाला एक काढू." "जमीन कुठं पळून जात नाही." बरोबर आहे बे, जमीन पळत नाही. आम्ही पळतोय. आज शेळगी, उद्या सोरेगाव, परवा तिच्याही पुढे.

आता लगेच कमेंट येईल, बँकेच्या ठेवीवर काय मिळतं आजकाल, माणसाने पैसे ठेवायचे कुठे? मान्य. नाही मिळत काही. पुढे.

गेल्या महिन्यात एका एजंटने आम्हाला अक्कलकोट रोडला आत, खूप आत नेलं. "सर, दहा लाखात दीड गुंठा. एवढ्यात जुळे सोलापूरला बाथरूमपण येत नाही." खरंय ते. शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या, मध्ये मातीचा रस्ता, वेशीवर कमान मात्र पहिल्यांदा उभी केलेली. सातबारा मागितला तर सामाईक क्षेत्र, नावांची ही लांबलचक रांग, त्यात दोन बहिणी, ज्यांच्या सह्यांचं "होतंय की". इतर हक्कात सोसायटीचा बोजा. एनए आहे का? "टेंटेटिव्ह झालंय." म्हणजे कच्ची मंजुरी. टेंटेटिव्हचा कागद दाखव? "साहेबांकडं आहे." खरेदीखत होईल का? "आता नोटरी करू, नंतर गुंठेवारीत बसतंय की सर, टेन्शन कशाला घेता?"

टेन्शन का घेतो ते ऐका. शेताचे फार लहान तुकडे पाडू नयेत म्हणून केलेला तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. जिरायतीला वीस गुंठे, बागायतीला दहा गुंठे हे शेताचं प्रमाणभूत क्षेत्र. दीड गुंठ्याचं खरेदीखत सरळपणे होत नाही म्हणून तर ही नोटरीची पळवाट. गुंठेवारीचा, म्हणजे असे बेकायदा पाडलेले प्लॉट नियमित करायचा कायदा २००१ ला आला, नंतर मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतच्या प्लॉटना आत घेतलं. सरकार मधूनमधून सूट देतं, त्या सुटीच्या आशेवर हा सगळा धंदा चाललाय. कुणाला सूट मिळेलही. पण तोवर बँक दारात उभी करत नाही, बांधकाम परवाना नाही, आणि उद्या त्या दोघींपैकी एक बहीण कोर्टात गेली की आयुष्याची पुंजी तारखांवर. गुंठेवारीत राहणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांना शहरात कुणी जागा दिली नाही म्हणून ते तिथे गेले. ज्यांनी दिली नाही ते म्हणजे वर सांगितलेले, प्लॉट टाकून ठेवणारे सगळे काका.

मागच्या रविवारी मी त्या काकांच्या प्लॉटवर एकटाच गेलो होतो, टेप घेऊन. मोजणी सिटी सर्व्हेकडून करायचीच होती, पण आपलं समाधान. ईशान्य कोपऱ्यात गवतात पाय अडखळला. हौद आहे तिथे. दगडी बांधणी, आतून सिमेंटचा गिलावा, आणि गिलावा ओला असताना काडीने कुणीतरी "श्री" लिहिलंय. आत थर्माकोलच्या पत्रावळ्या, दुधाच्या पिशव्या, एक फुटका टीव्ही. शेजारच्या आजी गेटवरून म्हणाल्या, "यांच्या वडलांनी बांधलाय. गिरणीत होते. बांधकामाला पाणी लागतं म्हणून आधी हौद केला. मग गिरणी बंद पडली."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की हा प्लॉट घेतला तर हौद पाडायचा नाही, साफ करून वापरायचा. ती म्हणाली, आधी घ्या तर.

सकाळी फोनवर मी काकांना हौदाबद्दल बोललो. ते गप्प झाले जरा. मग म्हणाले, "वडलांची फार इच्छा होती हो तिथं राहायची." तेव्हा वाटलं, हा माणूस आता २,६०० ला हो म्हणतोय. पुढचं वाक्य होतं, "म्हणून तर कमी भावात द्यायला जीव होत नाही."

काय बोलणार?

राग येतो तो यासाठी. ज्या गिरणी कामगाराने पगारातून हप्ते भरून प्लॉट घेतला, त्याला राहायचं होतं. त्याच्या मुलाला फक्त थांबायचंय. तरी काकांवर पूर्ण चिडता पण येत नाही मला, हे खरं. माझ्या वडलांनी असा काही तुकडा ठेवला असता तर मी पहिल्याच गिऱ्हाइकाला दिला असता का, देव जाणे.

पण धोरण म्हणून काय? खुल्या जागेला महापालिका कर लावते, पण भाव ज्या वेगाने वाढतो त्यापुढे तो चहापाण्याचा खर्च. दहा वर्षं बांधलं नाही की तो कर दरवर्षी दुप्पट करा म्हणतो मी. बघा कशी पाटी लागते "विकणे आहे" म्हणून. शहरात एकाने किती मोकळी जमीन ठेवायची त्यावर मर्यादा घालणारा १९७६ चा कमाल जमीन धारणेचा कायदा सोलापूरलाही होता, २००७ ला राज्याने तो गुंडाळला. त्यात सामान्य माणसाला काय मिळालं ते सगळ्यांनी बघितलंय, टेबलाखालूनच जास्त चाललं, त्यामुळे तो परत आणा असं नाही म्हणत. विधवा बाई आहे, भावांचा वाद कोर्टात आहे, त्यांना सोडा. पण एकाच माणसाचे तीन-तीन प्लॉट गवतात आणि तो माणूस वरून मला सांगणार, "अरे, तू आधी घ्यायला पाहिजे होतास"? आधी म्हणजे कधी? मी दहावीत असताना?

बायको म्हणते, फ्लॅट बघू. बघू. ते पण बघू. पण आईचे गुडघे गेलेत, लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावर ती कैदेत. तिला उन्हाळ्यात पापड वाळत घालायला स्वतःचा ओटा पाहिजे, एवढंच मागणं. त्यासाठी साठ लाख लागतील हे तिला अजून सांगितलेलं नाही.

तर मित्रांनो, शिव्या घालून झाल्या, आता काम. ज्यांनी टाकून ठेवलेत त्यांच्यापैकी कुणाला खरंच विकायचा असेल तर मेसेज करा. बाराशे ते पंधराशे फूट. विजापूर रोड, होटगी रोड, शेळगी, बाळे, कुठेही चालेल, हद्दीत पाहिजे. फायनल एनए, एकाच्या नावावर किंवा सगळे सही करायला तयार. वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा सर्च काढणार, पेपरात जाहीर नोटीस देणार, त्याला हरकत नसावी. सगळे पैसे बँकेतून, एक रुपया रोख नाही. वर्षाच्या आत बांधकाम सुरू करतो, हे पाहिजे तर लिहून देतो. एजंट लोकांनाही दोन टक्के देईन, पण आधी उतारा पाठवा, साइट नंतर दाखवा.