शिरी गेली हो!

परवा रात्री माझ्या सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या नावे 'भावपूर्ण श्रद्धांजली' यायला लागल्या. सोबत जोडलेले हात, तेवणाऱ्या समयांचे फोटो, आणि एका चुलत मेव्हण्याकडून घाईत 'हार्दिक अभिनंदन'. खरं तर तो एकटाच मुद्द्याला धरून होता. कारण झालं होतं इतकंच, की मी एक व्हिडिओ गेम संपवला होता.

गेमचं नाव 'द विचर ३: वाइल्ड हंट'. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने तो मे २०१५मध्ये आणला, आणि मी तो कुठल्याशा सेलमध्ये घेऊन ठेवला. तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. गेराल्ट नावाचा पांढऱ्या केसांचा गडी, पाठीला दोन तलवारी, माणसांसाठी पोलादी आणि राक्षसांसाठी चांदीची. पैसे घेऊन राक्षस मारणं हा त्याचा धंदा. त्याने लेकीसारखी वाढवलेली सिरी गायब आहे, तिच्या मागावर वाइल्ड हंट नावाची भुताटकीची फौज आहे आणि फौजेच्या आधी तिला गाठायचं आहे. गोष्ट एवढीच. पण नुसती ही गोष्ट खेळायला पन्नासेक तास, आणि साग्रसंगीत सगळं करायचं तर दीडशेच्या वर. कारण वाटेत भेटणारा प्रत्येक जण काम सांगतो. पहिल्याच गावात एका म्हातारीचा तवा कुणीतरी नेलेला असतो. पोरगी जिवाच्या आकांताने पळतेय, आणि तिचा मानलेला बाप तवा शोधतोय. पुढे लोहार, खानावळवाला, सावकार असे सगळेच 'एक डाव गवेंटचा' म्हणून पत्ते काढून बसतात. आणि आपण बसतो, हे त्याहून वाईट.

नोकरी, लोकल, डबा, कंटाळलेलं डोकं, आणि रात्री दहानंतर टीव्ही मोकळा मिळाला तर मिळाला. या हिशेबात हा गेम मी किती वेळा सुरू केला आणि अर्ध्यात टाकला, ते मोजायला नको. दर वेळी महिनाभराने कंट्रोलर हातात घ्यावा तर उडी कुठल्या बटणाने मारायची इथपासून तयारी. यंदा मात्र ठरवलं, संपवायचाच. आणि नेमके यंदाच मामा आले.

मामा म्हणजे बायकोचे सख्खे मामा. सातारा जिल्ह्यातले निवृत्त तलाठी. दाढेचं रूट कॅनॉल आमच्या इथल्या डॉक्टरकडे चालू केलं, आणि दर सिटिंगला येऊन ते चार दिवस राहायला लागले. मुक्काम हॉलमधल्या सोफ्यावर. टीव्हीही हॉलमध्येच. त्यामुळे गेम खेळायचा तर मामांच्या पायाशी बसून, असा बंदोबस्त झाला.

"काय चाललंय जावईबापू?"

"गेम आहे, मामा."

"ह्यो बाबा कोन?"

"गेराल्ट. राक्षस मारतो."

"खात्यात हाय का खाजगी?"

"खाजगी."

"मग पेन्शन न्हाई," असं म्हणून मामांनी गेराल्टकडे पहिल्यांदा सहानुभूतीने पाहिलं, आणि तिथून जे ते त्याच्यात गुंतले ते गुंतलेच.

गावागावांत लावलेले नोटीस-फलक त्यांना चावडीसारखे वाटले, ते ठीकच. पण मोबदल्याची घासाघीस आली की ते सोफ्यावरून पुढे सरकत. या गेममध्ये राक्षस मारण्याआधी गावप्रमुखाशी रक्कम ठरवायची असते. आपण आकडा वाढवत नेतो तशी समोरच्याच्या वैतागाची एक पट्टी भरत जाते.

"वाढवा अजून."

"पट्टी भरत आली, मामा."

"भरू द्या. सरपंच हाय त्यो. त्याच्या खिशातलं जातंय व्हय?"

गेराल्ट कुणाच्याही झोपडीत शिरून चमचे, पाव, दोरखंड उचलतो आणि घरची माणसं शेजारी उभी राहून बघत बसतात. हे बघून बायको म्हणाली, "चोरीच की ही." मामा म्हणाले, "गप उभं ऱ्हायलेत म्हंजे जप्तीचा हुकूम असंल." पुढे एका शहरात मी शिपायांच्या डोळ्यांदेखत एक पेटी उघडली आणि त्यांनी गेराल्टला बडवून काढलं. तेव्हा मामांनी मान डोलावली. हद्द बदलली की अधिकार संपतो, म्हणाले.

वेलन नावाच्या प्रांतात तर ते घरीच आल्यासारखे रमले. लढाईने उजाड झालेला, चिखलाचा मुलूख. एका राजाचं सैन्य हरलेलं, दुसऱ्या सम्राटाचं येऊन बसलेलं. "शेतसारा कोन घेतंय मग?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सांगितलं, आधीचा जहागीरदार पळाला आणि पलटणीतून आलेला एक माणूस त्याच्या गढीत शिरून स्वतःला बॅरन म्हणवतोय. "म्हंजे अतिक्रमण," मामा म्हणाले. पण तोच बॅरन दारूच्या पायी बायकोला कसा मारायचा, ती आणि पोरगी घर सोडून का गेली, हे उलगडायला लागलं तसे ते गप्प झाले. "असा एक आमच्या सज्जात होता," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना बाथरूमच्या दाराबाहेरून आवाज आला, "त्या बॅरनच्या बायकोचं काय झालं, सापडली का?" मग गावी परत जाताना त्यांनी बजावलं, "मी न्हाई तवर पुढं न्यायचं न्हाई." हे मी हसण्यावारी नेलं, पण बायकोने नेलं नाही. पुढच्या सिटिंगपर्यंत मी गवेंट खेळत बसलो.

आता खरी तक्रार. या गेमचे सिरीपुरते तीन शेवट आहेत. ती राजगादीवर बसते, गेराल्टसारखीच राक्षस मारत फिरते, किंवा परतच येत नाही. आणि यातलं काय होणार हे तलवारबाजीवर ठरत नाही. शेवटच्या टप्प्यात तिच्याशी होणाऱ्या मोजक्या बोलण्यांवर ठरतं. तेव्हा स्क्रीनवर धोक्याची सूचना नाही, काही नाही. जगाला गिळायला निघालेल्या हिमयुगाचा निकाल गप्पा मारता मारता लागतो आणि आपल्याला तो काही तासांनी कळवला जातो. त्यामागचा नियम सोपा आहे. पोरीवर विश्वास टाका, तिला तिचं करू द्या, ती वाचते. जपायला गेलात, की गमावता.

आणि माझ्या मागे सोफ्यावर बसलेल्या माणसाने तीन भाच्यांची आणि दोन पोरींची लग्नं स्वतः ठरवलेली.

गेराल्टचा गुरू मरतो, सिरी खचून बसते. एक पर्याय होता तिचं मन रमवायचा, तो निवडला की दोघं बर्फाचे गोळे मारून खेळतात. मला ते अंधुक आठवत होतं. मी तिकडे वळणार एवढ्यात मामा म्हणाले, "काय मन रमवताय? परवा मयत झालंय. निवांत बसू द्या तिला." स्वयंपाकघरातून बायको, "ऐक ना त्यांचं." ऐकलं. मग सम्राटाकडे न्यायचं की नाही? तो सिरीचा जन्मदाता बाप. "बापाला भेटवायला नको? काय बोलताय." नेलं. बापाने शोध लावल्याबद्दल मोहरा पुढे केल्या. मी नको म्हणायला निघालो तर मामा सोफ्यावर ताठ झाले. "घ्या! काम केलंय तुम्ही. ही लाच न्हाई, बक्षीस हाय." या दोहोंतल्या फरकावर महसूल खात्याच्या माणसाशी मी वाद घालणार नव्हतो. घेतल्या. पोरीने बघितलं.

पुढे चेटकिणींच्या मंडळासमोर सिरीची बैठक. एकटीला पाठवायचं की सोबत जायचं? "एवढ्या बायांच्यात पोरगी एकटी? सोबत जावा." गेलो. सिरीवर गुपचूप टिपणं ठेवणाऱ्याची प्रयोगशाळा सापडते आणि तिला ती फोडून टाकायची असते. "शांत करा तिला, दुसऱ्याचं सामान हाय." केलं. राहता राहिली तिच्या एका मेलेल्या मित्राच्या थडग्यावरची भेट. हे मी बरोबर करणारच होतो, देवाशपथ. पण बेल वाजली, भाजीवाला ओटीपी मागत होता. परत येतो तो गेराल्ट दुसऱ्याच वाटेला लागलेला.

"काय दाबलं, मामा?"

"त्यो म्हनत होता टाइम न्हाई. खरंच न्हाई की. साडेसात वाजले."

मागच्या सेव्हवर जावं, तर बर्फाच्या प्रसंगापासून सगळं परत. बायको म्हणाली, "तोच तोच गेम किती वेळा खेळायचा?" ही बाई एकच मालिका हजाराच्या वर भाग बघते. त्यात एकच थप्पड तीन बाजूंनी तीनदा मारतात, मध्ये पंचवीस जाहिराती, आणि तिला कुणी कधी विचारत नाही की काय मिळवलंस. क्रिकेटचं तर बोलायलाच नको. दोन महिने रोज संध्याकाळी दहा संघ खेळतात आणि ते बघणं हे राष्ट्रीय कर्तव्य. मी एक गोष्ट सुरू केली आणि ती संपवायची म्हटलं, की घरातलं प्रत्येक माणूस माझ्या वयाचा उल्लेख करतं. असो.

परवा रात्री शेवट आला. सिरी एकटी त्या थंडगार पोकळीत शिरते. परतत नाही. मग गेराल्ट दलदलीत जातो, तिथल्या तीन म्हाताऱ्या चेटकिणींपैकी उरलेल्या एकीला मारतो, आणि तिच्याकडे त्याला मेलेल्या गुरूचं पदक मिळतं. ते हातात घेऊन तो खाली बसतो, आणि खिडकीबाहेर राक्षस जमायला लागतात. बस. नावं वर सरकायला लागली. इतकी वर्षं रेंगाळलेल्या गेमचा असा शेवट बघून माझ्या पोटात गोळा आला, हे मी लपवणार नाही. मागे वळून बघतो तर मामा टॉवेलने डोळे पुसत होते. मला वाटलं, एवढ्या मोठ्या घरात एक तरी माणूस आहे ज्याला कळलं. तेवढ्यात ते म्हणाले, "म्हंजे तुम्ही हरलात?"

मग त्यांनी फोन उचलला. मामा बोलून टाइप करतात. मला वाटलं, मामींना सांगतायत. ते सांगत होते अख्ख्या ग्रुपला: "शिरी गेली. जावईबापू लई खचलेत. जेवले न्हाईत."

पुढचा तासभर मी पोलंडमधल्या एका काल्पनिक मुलीच्या मृत्यूचा खुलासा करत होतो. आत्या रडतच फोनवर आल्या, "कोण रे शिरी? वय काय होतं?" सत्य सांगावं तर एका व्याह्यांनी विचारलं, सुतक आहे का नाही, कारण शुक्रवारी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. हळूहळू सगळ्यांना उमगलं, आणि मग सहानुभूतीचं जे झालं ते सांगवत नाही. "असल्या गोष्टींची थट्टा करतात का?" कुणी केली थट्टा? एक गृहस्थ ग्रुप सोडून गेले. आणि ज्यांनी ग्रुप वाचलाच नव्हता पण मयताचं कानावर आलं होतं, अशा एक मावशी सकाळी पिठलं-भाताचा डबा घेऊन दारात हजर. मामांनी डबा ठेवून घेतला. पिठलं चांगलं होतं. पण मावशी माझ्याकडे ज्या नजरेने बघून गेल्या, ती अजून मान खाली घालायला लावते. आणि त्या सगळ्या गोंधळात एकानेही, अगदी एकानेही विचारलं नाही की बाबा, गेम कसा होता?

मामांनी मात्र दुसरंच विचारलं. ही गोष्ट लिहिली कुणी? म्हटलं, एका पोलिश लेखकाच्या पुस्तकांवरून घेतलीय. कंपनी नफ्यात वाटा देत होती. पण गेम काय चालणार, म्हणून त्याने एकरकमी पैसे मागून घेतले. आणि चालला असा, की २०१८मध्ये त्याने सहा कोटी झ्लॉटी मागितले. २०१९मध्ये दोघांचा नवा करार झाला. मामा किती तरी वेळ मान हलवत होते. "रस्त्यात जमिनी गेल्या तेव्हा हेच सांगत होतो लोकांना. एकरकमी घेऊ नका. सहा महिन्यांत दारात बुलेट, आणि सहा वर्षांत ती बी इकलेली."

दाढेवर टोपी बसवायची राहिली आहे, म्हणून ते अजून इथेच आहेत. काल मी मे २०१६मध्ये आलेली 'ब्लड अँड वाइन' ही पुरवणी सुरू केली, एकट्याने, आवाज बंद ठेवून. गेराल्टला एका राज्याची डचेस कामाच्या मोबदल्यात द्राक्षबाग देते. घर, बाग, चाकर, दिवाणजी, सगळं. सोफ्यावर हालचाल झाली.

"बाग कोनाची?"

"आता गेराल्टची. डचेसने दिली."

"दिली म्हंजे? बक्षीसपत्र का खरेदीखत?"

"कागद दिलाय, मामा."

"कागद सगळेच देतात. फेरफार झाला का? हद्दी कुनी मोजल्या? हिरीत वाटेकरी किती?" त्यांनी चष्मा चढवला. "त्या दिवाणजीला इचारा आधी. मी हाय हितं."

दिवाणजीपाशी गेलो. तो अदबीने वाकला आणि म्हणाला, घराची डागडुजी काढायची का?

"बघा," मामा म्हणाले, "विषय बदलतोय."