फूल सुकलं म्हणून ब्रोमेलियाड घंटागाडीत टाकू नका

गेले 15 दिवस एक मेसेज फिरतोय, आमच्या राजारामपुरीतल्या बायकांच्या ग्रुपवर तर तीनदा आला. म्हणे ती फुलदाणीसारखी, गुलाबी फुलाची ब्रोमेलियाडं घरात ठेवू नका, ती बांडगुळाच्या जातीची, पानांवर पांढरी बुरशी असते, मधल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि फूल सुकलं की झाड मेलंच, फेकून द्या. हे वाचून शेजारच्या काकूंनी चांगलं जिवंत झाड घंटागाडीत टाकायला काढलं, मी ते जिन्यातनंच परत आणलं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी बांडगूळ. आंब्यावर बांडगूळ येतं ते फांदीच्या आत मुळं घुसवून रस ओढतं, आंबेवाल्यांना विचारा. हे झाड, म्हणजे एकमिया फॅसिआटा, मूळचं ब्राझीलच्या जंगलातलं, तिथं ते दुसऱ्या झाडावर बसतं पण मुळं मुख्यतः धरून राहायला, पाणी आणि खत बरंचसं पानांतनंच घेतं. आंबोलीला झाडांवर आमरी, म्हणजे ऑर्किड, बघितली असेल ना, ती पण अशीच नुसती बसलेली असते. कूळ म्हणाल तर अननसाचं. आणि कुंडीत रस ओढायला दुसरं झाड आहेच कुठं?

पांढरी बुरशी म्हणतात ते पानावरचे बारीक खवले आहेत, त्यांच्यातनंच पान पाणी ओढून घेतं. फडक्यानं घासून पुसू नका, परत येत नाहीत.

डासांचं मात्र खोटं नाही, हे मी मान्य करते. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि 8-10 दिवसांत नवे डास उडतात, मग ते पाणी कूलरमधलं असो, टायरमधलं असो की पानांच्या मधल्या खोलगट कपातलं. पण आपण आठवड्यातनं एकदा साठलेलं पाणी ओतून कोरडा दिवस पाळतोच की, त्याच दिवशी कुंडी आडवी करायची, जुनं पाणी सांडायचं, पाईपनं जोरात धुवायचं आणि ताजं भरायचं. कुणाच्या घरात ताप चालू असेल तर पावसाळ्याचे दोन महिने कप रिकामाच ठेवा, हवेत ओल भरपूर असते, कुंडीत थोडं पाणी घातलं तरी भागतं. फक्त कपात रॉकेल किंवा तेल टाकू नका, त्यानं झाड खरंच मरतं. बोर्डो, कॉपर ऑक्सिक्लोराइड असली तांब्याची औषधं पण मारू नका, ब्रोमेलियाडला तांबं सोसत नाही.

आता फूल सुकलं की झाड मेलं हे, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. घड उतरला की केळ कापतात पण बुडाचे मुनवे कोण फेकतं का? उसाचा खोडवा आपण राखतोच ना? इथं पण तेच आहे. एका झाडाला फूल एकदाच येतं हे खरं, पण गुलाबी तुरा महिनोन्‌महिने टिकतो आणि त्यानंतर आई, म्हणजे मूळ झाड, लगेच जात नाही, वर्ष दीड वर्ष हळूहळू वाळत जाते आणि त्या काळात बुडातनं पिल्लं काढते. सुकलेला तुरा कापा, झाड राहू द्या. पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं झालं की स्वच्छ सुरीनं बुडाजवळ तोडायचं, एक दिवस सावलीत जखम वाळू द्यायची, मग नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांची खडी अशा मिश्रणात उथळ लावायचं, हलत असेल तर काडीला बांधायचं. काळी माती अजिबात नको, आपल्या जुलैच्या पावसात चार दिवसांत बूड कुजतं. सकाळचं ऊन चालतं, एप्रिल-मेच्या दुपारचं नाही, हिरवी नेट लावा. आई हिरवी आहे तोवर तिला काढू नका, आणखी पिल्लं देते. पिल्लाला फूल यायला दोनेक वर्षं लागतात, नीट वाढलेलं असूनही येत नसेल तर पिकलेलं सफरचंद बरोबर ठेवून आठवडाभर पिशवीत झाकायचं, त्यातल्या इथिलीन वायूनं काही महिन्यांत तुरा येतो. त्या वेळी कप रिकामा ठेवा.

पानांच्या कडांना काटे असतात, लहान मुलं असतील तर वर ठेवा, काहींना खाज पण येते.

काकूंचं झाड आता माझ्या पूर्वेच्या गॅलरीत आहे. बुडाला दोन पिल्लं आहेत, एक वीतभर झालंय. दिवाळीनंतर तोडीन आणि मोठं काकूंना परत देईन.