नायसियात मतदान झालं, पण कशावर?

आमच्या मंडळीच्या तरुण संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर आतापर्यंत तीनदा येऊन गेला. एकदा कुणाच्या तरी कॉलेजच्या मित्राकडून, एकदा कुणाच्या मामांकडून, आणि एकदा चक्क आमच्याच एका वडीलधाऱ्या सभासदाकडून, वर "सैतानाचं कारस्थान, प्रार्थना करा" अशी ओळ जोडून. मजकूर थोडक्यात असा: इ.स. ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने नायसिया शहरात बिशपांची परिषद भरवली. तोवर येशू एक साधा गुरू होता, तिथे निसटत्या बहुमताने त्याला देव केलं. त्याच बैठकीत बायबलची पुस्तकं निवडली, गैरसोयीची होती ती जाळली. आणि आज तुमच्या हातात आहे ते भाषांतराच्या भाषांतराचं भाषांतर.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पंधरा-वीस जण जमतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, "दादा, हे खरं असेल तर आपण इथे काय करतोय?" आमच्या वेळी असं विचारलं की "शंका घेऊ नये, बाळा" एवढं उत्तर आणि वर एक लिमलेटची गोळी मिळायची. शंका तशीच राहायची, गोळी तेवढी संपायची. म्हणून त्या प्रश्नावर आम्ही तीन शनिवार खर्ची घातले.

आधी पुस्तकांच्या निवडीचं बघू, कारण या मजकुराचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. नायसियाच्या परिषदेने केलेले वीस नियम आजही उपलब्ध आहेत, वाचायला अर्धा तास पुरतो. आम्ही वाचले. पहिला नियम स्वतःला खच्ची करून घेतलेल्या माणसाला पाळकवर्गात घेऊ नये असा. तिसरा, पाळकाच्या घरात आई, बहीण, मावशी-आत्या अशा संशयापलीकडच्या बायकांखेरीज कुणी राहू नये असा. सतरावा पाळकांच्या सावकारीवर. विसावा सांगतो की रविवारी गुडघे टेकायचे नाहीत, उभं राहून प्रार्थना करायची. (आमच्याकडे रविवारी गुडघेच टेकतात, त्यामुळे नायसियाचा हुकूम आम्ही दर आठवड्याला मोडतो.) बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत, यावर वीस नियमांत एक अक्षर नाही. परिषदेपुढचे मोठे विषय होते आरियस नावाच्या पाळकाने येशूविषयी उभा केलेला वाद, ईस्टरची तारीख आणि इजिप्तमधली एक फूट.

मग ही कथा आली कुठून? नवव्या शतकाच्या सुमारास कुणा अज्ञात लेखकाने ग्रीकमध्ये परिषदांची एक जंत्री लिहिली. तिच्यात एक चमत्कार आहे: नायसियाच्या बिशपांनी सगळी पुस्तकं वेदीजवळ ठेवून प्रार्थना केली, तेव्हा खरी वर राहिली आणि खोटी खाली गेली. परिषद होऊन साडेपाचशे वर्षं लोटल्यावरचं हे लिखाण. पुढे अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने ते टिंगल करत युरोपभर पोचवलं, आणि एकविसाव्या शतकात एका खपाऊ इंग्रजी कादंबरीने चमत्कार काढून टाकून त्याजागी सम्राटाचं कारस्थान बसवलं. आपल्या फोनवर येते ती ही तिसरी आवृत्ती.

तिच्यात खऱ्याचा एक कण आहे, तो लपवायचं कारण नाही. परिषदेनंतर काही वर्षांनी कॉन्स्टंटाईनने कैसरियाचा बिशप युसेबियस याला पत्र पाठवून नव्या राजधानीतल्या चर्चसाठी शास्त्राच्या पन्नास प्रती चर्मपत्रावर लिहून मागवल्या, आणि त्या आणायला सरकारी गाड्याही देऊ केल्या. पत्र उपलब्ध आहे. त्यात कोणती पुस्तकं घ्या आणि कोणती गाळा याची यादी मात्र नाही. सम्राटाने प्रतींचा खर्च उचलला, एवढंच त्यातून निघतं.

खरी निवड कशी झाली ते समजायला नायसियाच्या बावीस वर्षं मागे जावं लागतं. ३०३ साली सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती शास्त्रग्रंथ जप्त करून जाळण्याचं फर्मान काढलं. त्या वर्षीच्या १९ मे रोजी उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावात पडलेल्या झडतीचा सरकारी पंचनामा आजही वाचायला मिळतो. अधिकारी चर्चच्या घरात शिरतात. दोन सोन्याचे प्याले, सहा चांदीचे, दिवे, समया, बायकांचे ८२ अंगरखे, बायकांच्या वहाणांचे ४७ जोड (बहुधा गरिबांना वाटायला ठेवलेले) असं सगळं लिहून घेतलं जातं. मग विचारणा होते पुस्तकांची. एक उपसेवक (चर्चमधला कनिष्ठ सेवक) एकच भलामोठा ग्रंथ आणून देतो. "एकच का?" "आम्ही उपसेवक. पुस्तकं वाचकांकडे असतात." मग वाचकांच्या, म्हणजे उपासनेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्यांच्या, घरोघर फिरणं सुरू. कुणाकडे चार निघतात, कुणाकडे पाच, कुणाकडे आठ. व्याकरण शिकवणाऱ्या व्हिक्टरकडे दोन ग्रंथ आणि चार सुट्या जुड्या.

हे वाचताना खोलीत कुणी बोललं नाही. एका मुलाने नंतर नेमकं विचारलं: "म्हणजे कुठली पुस्तकं द्यायची आणि कुठली लपवायची, हे त्यांना आधीच माहीत असणार ना?" असणारच. जिवावर बेतलं की कोणती पोथी लपवायची आणि कोणती देऊन टाकली तरी चालेल, हे आपोआप ठरतं. अधिकाऱ्यांना पुस्तकं देऊन टाकणाऱ्यांना पुढे चर्चमध्ये 'सुपूर्द करणारे' अशी शिवीच पडली, आणि त्या एका गोष्टीवरून आफ्रिकेतली मंडळी शंभर वर्षं दुभंगलेली राहिली. या सिर्ता गावाचं आजचं नाव कॉन्स्टंटीन आहे. त्याच सम्राटावरून.

याचा अर्थ सगळं पहिल्यापासून ठरलेलं होतं असाही नाही. चार शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) आणि पौलाची पत्रं दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बहुतेक ठिकाणी पक्की झालेली दिसतात. लिओंचा बिशप आयरेनियस १८० च्या सुमारास चारच शुभवर्तमानं का, यावर वाद घालताना सापडतो. पण याकोब, यहूदा, २ पेत्र, योहानाची दुसरी-तिसरी पत्रं यांच्याबद्दल कुरबुर होती, असं युसेबियस स्वतः नोंदवतो. इब्री लोकांस पत्र पश्चिमेला अडखळत होतं, प्रकटीकरण पूर्वेला. आज आपल्याकडे आहेत ती नेमकी सत्तावीस पुस्तकं एका यादीत पहिल्यांदा येतात ३६७ साली, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ईस्टरच्या पत्रात. म्हणजे नायसियानंतर ४२ वर्षांनी. परिषदेने यादी ठरवून दिली असती तर एवढी वर्षं ही ओढाताण चालली नसती. जुन्या कराराचं तर अजून एकमत नाही. म्हणूनच अख्ख्या बायबलात कॅथलिकांची पुस्तकं ७३, आम्हा प्रोटेस्टंटांची ६६. शेजारच्या चर्चमधल्या मैत्रिणीच्या बायबलात टोबीत नावाचं पुस्तक का आहे, हे आमच्या मुलांनी विचारायच्या आधीच सांगितलेलं बरं.

आता येशूला मतदानाने देव केल्याचं. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन अधिकारी सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो, या ख्रिस्ती लोकांचं करू काय? चौकशीसाठी त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळी त्यांना सेविका म्हणत. त्याच्या हाती काय लागलं? हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, आळीपाळीने ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात, आणि नंतर साधं जेवण जेवतात. प्लिनी ज्या प्रांताचा कारभार बघत होता त्याचं नाव बिथिनिया-पोंत (आजच्या तुर्कस्तानाच्या उत्तरेला). नायसिया याच प्रांतातलं शहर! म्हणजे परिषद भरायच्या दोनशे वर्षं आधी त्याच मुलखात लोक येशूला देव मानून गात होते, आणि ते लिहून ठेवणारा माणूस त्यांचा भक्त नव्हता, त्यांना शिक्षा देणारा होता. बायबलातले दाखले मी मुद्दाम मागे ठेवले, नाहीतर "तुमचंच पुस्तक, तुमचीच साक्ष" असं होतं. पण थोमाचं "माझा प्रभू व माझा देव" आणि योहानाचं "शब्द देव होता" ही वाक्यंही नायसियाच्या दोनशे वर्षांहून आधीची.

मग भांडण कशाचं होतं? आरियस हा अलेक्झांड्रियाचा पाळक. येशू केवळ माणूस आहे असं त्याचं म्हणणं कधीच नव्हतं. पुत्र जगाच्या आधीचा, जग त्याच्याकरवी झालं, हे त्याला मान्यच होतं. त्याचा मुद्दा एवढाच की पुत्रालाही पित्याने निर्माण केलं, आणि "तो नव्हता असं एकदा होतं". बोट ठेवायला त्याच्याकडे वचनंही होती: नीतिसूत्रांचा आठवा अध्याय, आणि येशूचंच "पिता माझ्यापेक्षा थोर आहे". आमच्यातल्या एकाने हेच वचन काढून विचारलं, "मग आरियसचं चुकलं कुठे?" त्या प्रश्नावर अख्खा शनिवार गेला, इथे तो मावणार नाही. इथे सांगायचं ते एवढंच की दोन्ही बाजू एकाच शास्त्रातली वचनं एकमेकांवर फेकत होत्या. पुस्तकंच ठरली नसती तर वाद कशाच्या आधारावर घातला असता?

'निसटतं बहुमत' हे तर सरळ चूक. हजर बिशपांचा आकडा परंपरेने ३१८ सांगतात. त्या काळचे लेखक अडीचशे ते तीनशेच्या आसपास देतात. पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे, असं परिषदेने लिहून काढलं. त्यावर सही करायला शेवटपर्यंत नकार दिला तो दोघांनी, लिबियाकडच्या सेकुंडस आणि थेओनास यांनी. मात्र ही एकी सगळी मनापासूनची होती असंही मी म्हणणार नाही. सही न करणाऱ्याला सम्राट हद्दपार करणार हे उघड होतं, आणि त्या दोघांना आरियसबरोबर त्याने केलंही. पुढे आरियसची पुस्तकं जाळायचं फर्मानही काढलं. जाळपोळीचा आरोप तेवढ्यापुरता खरा आहे, फक्त जळाली ती शुभवर्तमानं नव्हती.

पण सम्राटाच्या मर्जीने धर्म ठरला म्हणावं, तर पुढची पन्नास वर्षं काय झालं ते बघा. कॉन्स्टंटाईनने काही वर्षांतच आरियसला परत बोलावलं. ३३७ साली मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो आरियसच्या बाजूच्याच एका बिशपाच्या हातून. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस तर उघड विरोधी गोटातला. नायसियाची बाजू लढवणारा अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला. शेवटी ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत नायसियाचं म्हणणं टिकलं, तेव्हा गादीवर त्या बाजूचा सम्राट होता हेही खरं. पण मधली कितीतरी वर्षं राजसत्ता उलट बाजूला होती.

चर्चने 'दडवली' म्हणतात त्या शुभवर्तमानांवर फार वेळ घालवत नाही. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात सापडलेलं थोमाचं शुभवर्तमान आज कुणालाही वाचता येतं. चर्चने दडवलं कारण त्यात स्त्रियांना मान होता, असं आमच्या एका मुलीने रीलमध्ये ऐकलं होतं. तिलाच शेवटचं, ११४ वं वचन वाचायला दिलं. त्यात पेत्र म्हणतो, मरियेला आपल्यातून जाऊ द्या, बायका जीवनाला पात्र नाहीत. आणि येशूचं उत्तर असं की मी तिला पुरुष करीन. मुलीने फोन खाली ठेवला.

भाषांतराच्या भाषांतराचं म्हणाल, तर याचं उत्तर आपल्या मराठीतच आहे. १८११ साली सेरामपूरला मराठी नवा करार छापला गेला तो विल्यम कॅरीने पंडित वैजनाथांची मदत घेऊन केलेला. आणि पंडिता रमाबाई! प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बायकांना उमजत नाही, म्हणून या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र सोप्या मराठीत आणायला घेतलं. वर्षानुवर्षं काम चाललं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच मुली-बायका खिळे जुळवायच्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. ज्या बाईने इंग्रजी उत्तम येत असताना इंग्रजीवरून भाषांतर करणं नाकारलं, तिच्या मुलखात हा फॉरवर्ड फिरावा!

मूळ हस्तलिखितं, म्हणजे पौलाच्या किंवा लूकच्या हातची, आज नाहीत. हे मान्य. नक्कल करताना चुका झाल्या, भरही पडली. ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांवर असल्याने पाठभेदही लाखांनी मोजावे लागतात. त्यातले बहुतेक शुद्धलेखनाचे आणि शब्दक्रमाचे, पण सगळे नाहीत. मार्काचं शुभवर्तमान चौथ्या शतकातल्या दोन थोर प्रतींत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबतं, बायका घाबरून पळतात तिथे. आणि योहानाच्या आठव्या अध्यायातली धरून आणलेली ती स्त्री, "तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा", ही गोष्ट सर्वांत जुन्या प्रतींत नाहीच.

हे ऐकल्यावर मात्र फॉरवर्डने झाला नव्हता एवढा गोंधळ झाला. "हे आम्हाला संडेस्कूलमध्ये का नाही सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही. बऱ्याच छापील प्रतींत या उताऱ्याला कंस किंवा तळटीप असते. आम्ही सगळेच तिच्यावरून इतकी वर्षं पुढे वाचत गेलो. येत्या शनिवारी तोच उतारा घेतलाय. वाचणार आहे ती इंजिनिअरिंगची मुलगी, आणि तिने आधीच सांगून ठेवलंय की कंससुद्धा वाचणार.