‘आधी डॉक्टर, मग सोलर’ हा हिशेब कुठे चुकतो

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत, आणि सरकार छतावर सोलर बसवतंय. गरीब देशांच्या दवाखान्यांतून असा कार्बन निघतो तरी किती? हे श्रीमंत देशांचं खूळ आपल्यावर कशाला? कार्बन कमी करायला काटकसर केली तर उपचार बिघडतील. शिवाय ते पॅनेल दोन वर्षांत बंद पडतात.’ यामागचा राग मला समजतो. रिकामी पदं मलाही टोचतात. पण मुद्दे एकेक करून तपासायलाच हवेत.

आधी डॉक्टर, मग वीज? समजा डॉक्टर आला. रात्री दोन वाजता लेबर रूममधली लाइट गेली तर तो काय करणार? बाळाला ऊब देणारा वॉर्मर थंड, सक्शन मशीन बंद, टाके मोबाइलच्या टॉर्चवर. आयएलआरमधल्या (लसींच्या खास फ्रिजमधल्या) लसींना २ ते ८ अंश तापमान लागतं, ते सांभाळण्यासाठी सिस्टरची धावपळ. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या सहभागाने जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या अहवालानुसार गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले सुमारे १०० कोटी लोक ज्या दवाखान्यांवर अवलंबून आहेत, तिथे वीज बेभरवशाची आहे किंवा मुळीच नाही.

छत्तीसगडमध्ये ‘क्रेडा’ या सरकारी संस्थेने शेकडो पीएचसींवर सोलर बसवलं. २०१७ मध्ये सीईईडब्ल्यू या संशोधन संस्थेने तिथल्या केंद्रांची तुलना केली. विजेची टंचाई असलेल्या केंद्रांपैकी जिथे सोलर होतं तिथे, सोलर नसलेल्या केंद्रांच्या तुलनेत, महिन्याला दाखल होणारे रुग्ण ५० टक्क्यांहून अधिक जास्त होते आणि बाळंतपणं जवळपास दुप्पट होत होती. हे सगळं श्रेय एकट्या पॅनेलचं असं मी म्हणणार नाही. पण जिथे रात्री दिवा जळतो तिथे बाई बाळंतपणाला येते, हे कुठल्याही आशाताईला विचारा. कार्बन वाचतो तो या सोयीच्या पोटात, वेगळा खर्च न करता.

‘आपला कार्बन किती’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. हवामान तापवणाऱ्या वायूंच्या जगातल्या एकूण उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४.४ टक्के आहे, असा २०१९ चा अंदाज आहे. त्यातला निम्म्याहून जास्त अमेरिका, चीन आणि युरोपीय संघाचा. दरडोई पाहिलं तर तपासलेल्या ४३ देशांत भारत सगळ्यांत खाली होता. दोष आपला नाही, पण हवामान बिघडलं की पाणी आपल्या दारात येतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली, आणि तिथले आठ रुग्ण दगावल्याच्या बातम्या आल्या. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईतल्या एका मोठ्या रुग्णालयाचे जनरेटर पाण्याखाली गेले होते. जनरेटर तळघरात न ठेवता वर ठेवणं, हेसुद्धा हवामानाला तोंड देणारी आरोग्यव्यवस्था उभारणंच आहे. यात श्रीमंतांचं खूळ कुठे आलं?

काटकसरीने उपचार बिघडतात, हे तर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने कधीच खोटं ठरवलंय. तिथे गाऊन, कापड, उपकरणं निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, एका टेबलावरची शस्त्रक्रिया संपते तोवर शेजारच्या टेबलावरचा रुग्ण तयार असतो. २०१७ च्या एका अभ्यासात तिथल्या मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागे सुमारे ६ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन आढळलं, ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या जेमतेम ५ टक्के. आणि निकाल उत्तम. ही रीत पश्चिमेने आपल्यावर लादलेली नाही, ती आपल्याकडची आहे आणि पश्चिमेचे डॉक्टर ती अभ्यासतात.

शेवटचा मुद्दा, पॅनेल बंद पडतात. हो, पडतात. धूळ कोणी पुसत नाही, बॅटरीत पाणी कोणी घालत नाही, इन्व्हर्टर बिघडला तर फोन कोणाला करायचा तेच ठाऊक नसतं. छत्तीसगडमध्ये बसवणाऱ्यावरच देखभालीचीही जबाबदारी टाकली होती, म्हणून ते चाललं. तुमच्या गावच्या पीएचसीवर सोलर येत असेल तर त्याला विरोध करू नका. पीएचसीचा कारभार पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत जा आणि करारात देखभालीचं कलम आहे का, त्यासाठी पैसे कुठून येणार, ते लेखी मागा.