‘सौर भट्टीत कुठलंही लाकूड एकत्र चालतं’? जरा थांबा

सुतारकामाची हौस असलेल्यांत सौर भट्टीबद्दल, म्हणजे ओल्या फळ्या उन्हाच्या उष्णतेवर वाळवायच्या काचेच्या छपराच्या खोलीबद्दल, एक सल्ला फार फिरतोय. तो साधारण असा: ‘सौर भट्टी सौम्य असते. रात्री ती थंड होते आणि लाकडाला विसावा मिळतो. म्हणून जाडी सारखी असेल तर कुठल्याही जातीच्या फळ्या एकत्र रचा. जागा उरली तर अर्धवट वाळलेल्या फळ्याही सरकवा. शेवटी सगळ्यांचा ओलावा एकाच आकड्यावर येतो.’

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते बरोबर आहे. २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत ओक ठेवा किंवा पाइन, दोन्ही सुमारे ९ टक्के ओलाव्यावर स्थिरावतात (ही टक्केवारी पूर्ण सुक्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत मोजतात). पण लाकूड बिघडतं ते तिथवरच्या वाटेत. फळीचा बाहेरचा थर साधारण ३० टक्क्यांखाली उतरला की आकसू लागतो. आतला भाग तेव्हा ओलाच असतो, तो काही आकसत नाही. या ओढाताणीत पृष्ठभाग चिरतो, आणि तेही बहुधा सुरुवातीच्या दिवसांत.

‘जाडी सारखी’ ही अट अपुरी आहे. २५ मिलिमीटर जाडीच्या ओल्या तांबड्या ओकचा ओलावा दिवसाला ३.८ टक्क्यांनी (म्हणजे समजा ६० वरून ५६.२ वर) उतरला तर ठीक, त्यापुढे चिरा पडण्याचा धोका वाढतो. पांढऱ्या ओकला ही मर्यादा जेमतेम २.५ आहे. तेवढ्याच जाडीचं पॉपलर मात्र दिवसाला १३ टक्केही निमूट सोसतं. भट्टीत हवा एकच. ती कुणाच्या सोयीची ठेवणार?

यावर उत्तर येतं, ‘ओकच्या सोयीची ठेवा, झडपा मिटून हळूहळू वाळवा, बाकीचं थांबेल.’ ते थांबत नाही. पाइन, आंबा यांसारखी लाकडं ओली असताना कोंदट, उबदार हवेत राहिली की रसकाष्ठावर (खोडाच्या सालीलगतच्या फिकट लाकडावर) बुरशीचे निळसर-काळपट डाग चढतात, आणि ते रंध्यानेही जात नाहीत कारण खोलवर मुरलेले असतात. ओलावा २० टक्क्यांखाली गेला की ही बुरशी वाढत नाही, म्हणून अशा लाकडाला घाई हवी. ओकला घाई नको. माझ्या मते ओली लाकडं एकत्र न घालण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

रात्रीच्या विसाव्याचं कौतुक मलाही आहे. संध्याकाळी भट्टी निवते, आतली आर्द्रता वाढते, फळीचा कडक झालेला पृष्ठभाग थोडा ओलावा परत घेतो आणि ताण सैल होतो. पण दुपारी पडलेली चीर रात्री फक्त मिटते, सांधली जात नाही. पॉलिश केल्यावर ती पुन्हा डोळ्यांत भरते.

सल्ल्यातला सर्वांत फसवा भाग अर्धवट वाळलेल्या फळ्यांचा. सौर भट्टीला जाळ कमी करायची सोय नसते. ऊन जेवढं येतं तेवढं येतं, आणि त्याला आवर घालतं ते लाकडातून निघणारं पाणी. ओकसाठीच्या प्रचलित आराखड्यात दर चौरस मीटर काचेमागे साधारण पाव घनमीटर लाकूड धरतात ते याचसाठी. आता निम्मी थप्पी आधीच वाळलेली असेल तर पाणी देणारं लाकूड निम्मंच उरतं. भट्टी दिसते भरलेली, वागते मात्र अर्ध्या रिकाम्या भट्टीसारखी: आतली हवा जास्त तापते, जास्त कोरडी होते, आणि त्याचा फटका ओल्या ओकला बसतो.

मग एकत्र कधीच नाही? असं नाही. सगळ्या फळ्या बाहेर सावलीत २० टक्क्यांच्या आसपास आल्या असतील तर खुशाल मिसळा. चिरांचा आणि डागांचा काळ तोवर मागे पडलेला असतो.

फक्त ओलावा मोजायच्या मीटरवर डोळे झाकून विसंबू नका. टोचणीचे बहुतेक मीटर डग्लस फर या एका लाकडावर जुळवलेले असतात, बाकीच्या जातींना दुरुस्ती लागते. खात्री हवी असेल तर प्रत्येक जातीचा एक तुकडा टोकापासून जरा आतून कापा, वजन करा, १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. ओला असताना ४८० ग्रॅम आणि सुकल्यावर ४०० भरला, तर ओलावा २० टक्के.