इंजिन बदललं, पण कुठे?

ब्रिटनमधल्या क्लास ५७ या डिझेल इंजिनाची गोष्ट मी कुणालाही दोन मिनिटांत सांगू शकतो. त्याचं मॉडेल विकत का घेतलं, हे घरात सांगायला बसलो की मात्र भात गार होतो.

गोष्ट अशी. १९६२ ते १९६८ या काळात क्लास ४७ ची ५१२ इंजिनं बांधली गेली. काही क्रू या गावच्या रेल्वे कारखान्यात, बाकीची आमच्या लफबरो गावात, स्टेशनाला खेटून असलेल्या ब्रश कंपनीच्या कारखान्यात. पोटात सुल्झर कंपनीच्या बारा सिलिंडरांच्या डिझेल यंत्राचं धूड, २७५० अश्वशक्तीचं. तेवढा जोर त्याला झेपेना, म्हणून पुढे २५८० वर उतरवलं. मग १९९८ पासून ब्रशनेच त्यातली ३३ इंजिनं हळूहळू परत आत घेतली, सुल्झर उपसून काढलं, अमेरिकन ईएमडी कंपनीचं ६४५ जातीचं यंत्र बसवलं आणि पाटीवर नवा आकडा घातला: ५७. पुण्यात जुन्या वाड्याची दर्शनी भिंत तेवढी ठेवून आत फ्लॅट काढतात ना, तसं. पहिल्या बारांना २५०० अश्वशक्ती मिळाली, नंतर व्हर्जिन कंपनीसाठी केलेल्या सोळांना २७५०. म्हणजे एवढी चिरफाड करून स्वारी जिथून निघाली होती तिथेच पोचली. (इथे मी हसतो. ऐकणारा अजून एकदाही हसलेला नाही.)

तर माझ्याकडे वीतभर लांबीचं ४७ आधीपासून होतं. ५७ चा खोका आला तेव्हा मेधाने, म्हणजे बायकोने, तो उघडून पाहिला आणि म्हणाली, "हे आहे की आपल्याकडे."

"ते ४७. हे ५७."

"फरक काय?"

"छतावर धूर निघायची जागा बघ."

"छत कोण बघतं?"

प्रश्न बिनतोड वाटतो, पण नाही. खऱ्या प्रवाशाला इंजिनाचं छत जन्मात दिसत नाही, आणि मॉडेलवाला कायम देवासारखा वरूनच बघत असतो. त्याला दिसतं ते फक्त छत. हे मी तिला पटवून दिलं. निदान ती उठून गेली, त्यावरून तसं वाटलं.

व्हर्जिनच्या सोळा इंजिनांना थंडरबर्ड्स या १९६५ च्या कठपुतळ्यांच्या टीव्ही मालिकेतली नावं दिली होती, कारण काम तेच होतं, संकटात सापडलेल्यांची सुटका. बंद पडलेल्या पेंडोलिनो, म्हणजे व्हर्जिनच्या विजेवर धावणाऱ्या गाड्या, ओढून आणायच्या, आणि क्रूहून होलिहेडकडे जाणाऱ्या मार्गावर विजेच्या तारा नाहीत म्हणून तिथपर्यंत त्यांना हाताला धरून न्यायचं, असं ते काम. त्यासाठी नाकाखाली डेलनर जातीचा जाडजूड कपलर, म्हणजे गाडी जोडायचा आकडा. माझं आहे ५७३०७, 'लेडी पेनेलोपी'.

"पार्कर तिचा ड्रायव्हर ना?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "म्हणजे तोही येणार."

पार्कर म्हणजे ५७३११. मी काहीच बोललो नाही.

"आणि पेंडोलिनो कुठाय आपली?"

पेंडोलिनो नाही. ती अख्खी गाडी. तिच्या किमतीचा विषय या घरात काढण्याची माझी छाती नाही. लेडी पेनेलोपी सध्या तीन मालडब्यांची सुटका करते. तेही डेलनर न लावता, कारण तो लावला तर मालडबे जोडता येत नाहीत.

खोक्याबरोबर एक छोटी प्लास्टिकची पिशवी येते. ब्रेकचे पाइप, पायऱ्या, आणखी काय काय. हे सगळं आपण लावायचं. पाइप तांदळाच्या दाण्याएवढा, त्याचं भोक पाइपाहून बारीक आणि सुपरग्लूला फक्त माझं बोट ओळखीचं. चिमट्यात धरलेला पाइप किंचित दाबला की टिंगकन उडतो. तो कुठे पडला हे शोधायचं नसतं, कारण कार्पेटवर पडलेली वस्तू ब्रिटनमध्ये परत मिळत नाही. आणि एवढं करून पुढचे पाइप लावले की इंजिन वळणावर अडतं. खोलीभर पसरलेल्या रुळांचं सगळ्यात मोठं वळणसुद्धा खऱ्या रेल्वेच्या हिशेबात चौकातलं वळण. म्हणून जाणते लोक एकाच टोकाला पाइप लावतात आणि ते टोक पाहुण्यांकडे करतात.

या सुमारास सासरे आले. अण्णा पुण्याच्या घोरपडी डिझेल शेडमधून निवृत्त. हयात अल्को कंपनीच्या इंजिनांवर गेली, शेवटी शेवटी ईएमडीचीही हाताखालून गेली. सहा महिने राहायला येणारा माणूस औषधं आणतो, लोणचं आणतो. अण्णांच्या बॅगेत यांच्याखेरीज स्टीलची पट्टीही होती.

"जावईबापू, गेज चुकलंय."

चुकलेलंच आहे. ओओ या ब्रिटिश मॉडेलांच्या मापात गाडी १:७६ आणि रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, म्हणजे १:८७ च्या एचओ मापाचे. स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटर, त्या हिशेबाने रुळांत जवळजवळ एकोणीस मिलिमीटर अंतर हवं. जुन्या काळी खेळण्यांत बसवायच्या विजेच्या मोटर मोठ्या आणि ब्रिटिश इंजिनं अंगाने बारीक. मोटर आत मावेना, म्हणून वरचं अंग फुगवलं आणि रूळ होते तेच ठेवले.

"हे सगळ्यांना माहीत आहे?"

"कधीपासूनच."

"आणि तरी कुणी बदललं नाही?"

"नाही."

"मग खरी रेल्वे आहे ही," अण्णा म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्ची पुढे ओढून बसले.

बसले ते उठेनात. त्यांना आत बघायचं होतं. इंजिन बदललंय म्हणता ना, मग दाखवा. दोनशे पाउंडांहून महागडी वस्तू मी टॉवेलवर उलटी ठेवली, स्क्रू काढले, टरफल उचललं. मधोमध मोटर, दोन बाजूंना फ्लायव्हील, वर सर्किटची पट्टी. अण्णांनी चष्मा वर केला. मग ४७ आणायला सांगितलं. तेही सोललं. मधोमध मोटर, दोन बाजूंना फ्लायव्हील, वर सर्किटची पट्टी.

"मग इंजिन बदललं कुठे?"

खऱ्या ५७ मधला मुख्य बदल म्हणजे पोटातलं इंजिन. मॉडेलमध्ये नेमकं तेवढंच नसतं. पण आवाजाची चिप असते! मी कंट्रोलरचं बटण दाबलं आणि साखरेच्या खड्याएवढ्या स्पीकरमधून ६४५ धडधडत सुरू झालं. अण्णांनी मान तिरकी केली.

"टू-स्ट्रोक," ते म्हणाले. "आमच्या डब्ल्यूडीजी-४ लोकोमधलं ७१० याच्याच घरातलं. हे बरोबर केलंय. आता ते दुसरं वाजव."

दुसऱ्यात चिप नाही. ते मुकाट पळतं.

"मला तेच आवडतं," मेधा म्हणाली.

खरं संकट दुसऱ्या दिवशी आलं. मी ऑफिसातून घरी पोचलो तर देवघरापाशी अण्णा मांडी घालून बसलेले. निरांजनावर पितळी वाटी उपडी धरून त्यांनी लहान मुलांसाठी धरतात तसं शास्त्रशुद्ध काजळ धरलं होतं आणि मेधाच्या भुवयांच्या ब्रशने ते लेडी पेनेलोपीच्या छतावर चढवत होते.

"अण्णा, अहो, लिमिटेड एडिशन आहे ती!"

"इतकं स्वच्छ लोको ओव्हरहॉल करून आम्ही बाहेर काढलं तेव्हाही नव्हतं. धुराड्यामागे काळं हवंच. बघा, असं मागे ओढत न्यायचं, गाडी धावते त्या दिशेच्या उलट." हात मात्र जराही हलत नव्हता. जाळीच्या कडेने तेलाचा ओघळसुद्धा उतरवला होता. यासाठी लागणाऱ्या रंगांच्या पुड्या माझ्या खणात कधीच्या पडून आहेत. मला हिंमत झालेली नाही.

मेधाने दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून नीट पाहिली. "आत्ता वेगळी दिसतात."

"दिसणारच. आण ते सुल्झरवालं," अण्णा ब्रश पुसत म्हणाले. "फोर-स्ट्रोक ना ते? त्याची काजळी दुसऱ्या जागी. जावईबापू, खऱ्या छताचा फोटो काढा बघू. आणि मेधा, निरांजनात तूप घाल."

मेधाने तुपाचा डबा उचलला आणि फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवून दिला.