टोचून घेण्याचं शास्त्र

नव्या सिस्टर्स आणि इंटर्न मंडळी, वॉर्डात स्वागत. सुई टोचायची कशी हे कॉलेजात शिकलातच. टोचून घ्यायची कशी, हे मात्र अनुभवी माणसाकडूनच शिकावं लागतं. पुण्यातल्या वॉर्डांमध्ये पंचवीस वर्षं काढल्यावर तेवढा अधिकार मला आला आहे, असं समजा.

पहिला धडा कॅपचा. इंजेक्शन देऊन झालं की सुईला कॅप परत लावायचीच. डाव्या चिमटीत कॅप, उजव्या हातात सिरिंज आणि नजर ‘डॉक्टर कधी येणार?’ विचारणाऱ्या नातेवाइकाकडे. कॅपचं भोक बारीक, तुमचं बोट जाड. नेम कुठे बसणार हे वेगळं सांगायला नको. पुस्तकं म्हणतात, कॅप लावूच नका. अगदीच अडलं तर ती ट्रेमध्ये आडवी ठेवा आणि एकाच हाताने, सुईच्या टोकावर अलगद उचला. एकाच हाताने! मग दुसरा काय देवाने घड्याळ बांधायला दिलाय?

नीडल कटर प्रत्येक वॉर्डात असतो. आमच्याकडेही आहे. हरवू नये म्हणून कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली इन्चार्ज सिस्टरांकडे, इन्चार्ज सिस्टर मीटिंगला. तपासणीच्या दिवशी त्याची टेबलावर प्रतिष्ठापना होते आणि साहेब गेले की विसर्जन. दीड दिवसाचाच असतो तो.

कापलेली सुई पांढऱ्या, पारदर्शक, भोक न पडणाऱ्या डब्यात टाकायची, असं 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात. डबा पाऊण भरला की बंद करायचा म्हणे. पाऊण? स्वारगेटहून संध्याकाळी सुटणारी बस कधी पाऊण भरल्यावर सुटली आहे का? तेव्हा बोटाने आत दाबा. पुढे सरका, पुढे जागा आहे.

आणि डब्यापर्यंत जायचाही कंटाळा आला, तर सुई कापसात गुंडाळून पिवळ्या पिशवीत सोडा. टाके घालून उरलेली सुई चादरीत राहू द्या, चादर धोब्याकडे जातेच. या युक्तीचा फायदा असा की पुढे जे टोचेल ते तुम्हाला नाही टोचणार. मावशी पिशवी उचलतात, जिना उतरताना ती मांडीला टेकते, आणि मग मावशी म्हणतात, “काहीतरी चावलं बाई.” कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपेटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, असं त्याच नियमांत लिहिलंय. पण हेपेटायटिसचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले. दुसऱ्या डोसाला कंत्राटदार बदलतो, तिसऱ्याला मावशी.

घरीही सराव चालू ठेवा. बाबांच्या इन्शुलिनच्या सुया सुक्या कचऱ्यात टाका. सुई काय ओली असते? सकाळी कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई येतात, त्या हाताने वेगळ्या करतील. हेपेटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस तग धरतो. आपला पाहुणासुद्धा इतका टिकत नाही.

आता टोचल्यावर काय करायचं. साबण आणि वाहतं पाणी हे पुस्तकी लोकांचं काम. आपण बोट पिळावं, वर स्पिरिट ओतावं, आणि सवय असेल तर लहानपणासारखं तोंडात घालावं. ‘पिळू नका, चोखू नका’ म्हणणाऱ्यांना अनुभव नसतो. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यायचा आणि 72 तासांनंतर उपयोग नाही, असं सांगतात. 72 तास म्हणजे चांगले तीन दिवस. ड्यूटी संपवा, पुढच्या पाळीला ओव्हर द्या, घरी जाऊन भाकरी टाका. पुढे गोळ्या 28 दिवस घ्यायच्या. त्याचा विचार रविवारी करू.

घाबरायचं असेल तर फक्त एचआयव्हीलाच घाबरा. बाधित रक्ताच्या हजार टोचण्यांमागे साधारण तिघांना तो होतो. लस न घेतलेल्याला हेपेटायटिस बीचा धोका शंभरात तिसापर्यंत जातो. पण त्यावर लस आहे ना, मग त्याची कसली भीती? लस घेतली का, आणि घेतल्यावर टायटर, म्हणजे रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का ते, बघितलं का, असले चौकस प्रश्न मनात आणू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, कुणाला सांगू नका. सांगितलं की फॉर्म आला, रुग्णाचं रक्त तपासणं आलं, तुमचं आलं, पुढे काही आठवड्यांनी पुन्हा आलं. शिवाय हाउसमन, म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर, विचारणार, “लक्ष कुठे होतं?” नातेवाइकांकडे होतं, हे उत्तर फॉर्मच्या रकान्यात मावत नाही.

मागच्या तपासणीत साहेबांनी आमचं सुई टोचल्याच्या नोंदींचं रजिस्टर उघडलं. वर्षभराची पानं कोरी. “शून्य इजा! वा, सिस्टर,” ते म्हणाले. मी हात मागे घेऊन उभी होते; डाव्या तर्जनीला पट्टी होती. मावशी दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही.